कच्चं लिंबू

लगोरीत माझं काम कायमचं ठरलेलं होतं: चेंडू आणायचा. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात थोरली भावंडं सात चपटे दगड रचायची, फोडायची, पळायची. मी कच्चं लिंबू. मला बाद करण्याचे कष्टही कुणी घेत नसे.

1982 साली नोकरीसाठी मिलवॉकीला आलो. पहिल्याच हिवाळ्यात कारखान्यातल्या सोबत्यांनी ओढत नेलं आणि भाड्याचे दोनरंगी बूट पायात चढवले. आबांना पत्रात कळवलं, 'सध्या बोलिंग शिकतोय.' उलटटपाली विचारणा आली, 'फास्ट की स्पिन?' चेंडू वळत होता हे खरं, पण वळून कडेच्या पन्हळीत जात होता. तिला इथेही गटरच म्हणतात.

आमच्या संघाचा वार गुरुवार. दुसरी पाळी सुटली की बिअर, सिगारेटचा धूर आणि गुण मांडायला पेन्सिल. या शहरात बोलिंग म्हणजे जवळजवळ कुलाचार होता. खेळाची राष्ट्रीय संघटना 1895 साली न्यूयॉर्कमध्ये निघाली, पण तिची कचेरी पुढे कित्येक दशकं मिलवॉकी परिसरातच होती. 1950 पर्यंत तिच्या नियमांत सभासदत्व फक्त गोऱ्या पुरुषांना होतं. म्हणजे बत्तीस वर्षं आधी आलो असतो तर त्या गटरापर्यंतही पोचलो नसतो. हे मला सांगितलं ते संघातल्या सर्वांत म्हाताऱ्या गड्याने, मान खाली घालून, बुटाची नाडी बांधता बांधता.

मग कारखाना बंद पडला. संघातले पाचजण पाच दिशांना गेले. मला दुसरी नोकरी मिळाली, पण गुरुवार रिकामा राहिला. तो भरायला एकदा लिंकन अव्हेन्यूवरच्या हॉलर हाउसमध्ये शिरलो.

दक्षिण भागातल्या पोलिश वस्तीतला हा बार. माइक स्कोव्हरॉन्स्की यांनी 1908 साली सुरू केलेला. पुढे मुलगा जीन आणि सून मार्सी यांनी चालवला. जीन गेल्यावरही मार्सीबाई होत्याच, थेट नव्वदी ओलांडेपर्यंत. 2019 मध्ये त्या गेल्या. छताला बायकांच्या ब्रा टांगलेल्या. पहिल्यांदा आलेल्या बाईने सही करून आपली वर लटकवायची, अशी इथली रीत. मी सातारकर मध्यमवर्गीय. नजर जी खाली वळवली ती तळघराच्या जिन्यावर पडली.

तळघरात दोनच लेन. अमेरिकेतल्या अधिकृत मान्यतेच्या लेनमध्ये सर्वांत जुन्या समजल्या जातात. लाकडी, साठ फुटी. आणि यंत्र नाही. गुरुवारच्या आमच्या अड्ड्यावर पिना पडल्या की पडद्यामागे घरघर व्हायची आणि नव्या दहा पिना खाली उतरायच्या. मागे कुणी माणूस असू शकतो हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पिना लावणारी ती यंत्रं आली 1946 नंतर, आणि पन्नाशीच्या दशकात सगळीकडे पसरली. त्याआधी देशभर हे काम पोरं करायची. हॉलर हाउसमध्ये ती अजूनही करत होती.

मागच्या कठड्यावर एक पोरगा पाय वर घेऊन बसला होता. जास्तीत जास्त सव्वासात किलोचा गोळा, दीड-दीड किलोच्या दहा पिना. सगळं त्याच्या पायांखाली फुटायचं. तो खाली उडी मारायचा, गोळा उचलून लाकडी घसरणीवर ठेवायचा, पडलेल्या पिना गोळा करून पुन्हा त्रिकोण मांडायचा. मी खेळ सोडून त्याच्याकडेच पाहत राहिलो. बऱ्याच फेऱ्या झाल्यावर, एकदा त्याला बाहेर जायचं होतं तेव्हा, म्हणालो, "मी बसतो."

मागून पाहिलं तर लेन भलतीच लांब दिसते. माणूस छोटा, गोळा छोटा. मग आवाज येऊ लागतो, आधी लाकडातून, मग पोटातून. पिना फुटल्या तेव्हा मी डोळे मिटले होते. उतरलो, वेचल्या, रचल्या. मागच्या ओळीतली एक चुकीच्या ठिपक्यावर बसली असावी, कारण पलीकडून ओरडा झाला. सरकवली. आणखी तीन डाव.

पुढच्या वेळी गोळा अगदी हळू, पन्हळीतून घरंगळत आला. पिना लावणाऱ्याला बक्षिसी द्यायची अशा ठिकाणची ही जुनी रीत मी ऐकून होतो. अंगठ्याच्या भोकात डॉलरची नोट खोचलेली होती. ती काढून खिशात घातली आणि गोळा परत पाठवला.