समुद्राकाठी घर पाहताना

घर पाहावे बांधून, असे जुने लोक म्हणत. दुसऱ्याने बांधलेले घर निवडणे त्याहून कठीण, हे मला गेल्या वैशाखात कळले. निमित्त सासूबाईंचे. नेरूळला आमच्याकडे चौथ्या मजल्यावर राहून त्यांना नऊ वर्षे झाली, पण ‘माका दर्याकडे पोचवा’ हे पालुपद काही सुटले नाही. त्यांच्या माहेरचे घर पडले, सासरचे विकले गेले. शेवटी सौ.ने नोकरी सोडून आईबरोबर तिकडे राहायचे ठरवले आणि मी सुट्टीपुरता यायचे. मी पडलो घाटावरचा. मला समुद्र दिसला की पुरे!

पनवेलला ‘तुतारी’ गाडीत बसलो. कोकण रेल्वेची कचेरी आमच्या बेलापुरात. पण 1998 साली पूर्ण झालेला तिचा मार्ग मालवण-वेंगुर्ल्याला स्पर्श न करताच पुढे जातो. कुडाळला उतरून एस.टी. धरावी लागते. त्यामुळेच ही गावे अजून लहान राहिली असावीत.

मालवणला आधी गेलो. समोर 1664 साली शिवाजीमहाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग, खाली नारळीची झापे, पडवीत वारा. मी मनातल्या मनात पुस्तकांची कपाटेसुद्धा लावून टाकली. सासूबाई मात्र मागच्या दाराने थेट विहिरीवर गेल्या. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन त्यांनी थुंकून टाकले. “ह्या पाणी मचूळ आसा. डाळ शिजूची नाय.” संपले! पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या किनाऱ्यावर विहिरीची खरी परीक्षा वैशाखातच होते, हे मला ठाऊक नव्हते. घर दाखवणारा दलालही, मोठा सज्जन, दिवाळीत या म्हणत होता.

मग वेंगुर्ले. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. तिच्या भिंती आज झाडाझुडपांत उभ्या आहेत. फळसंशोधन केंद्रात ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ हे आंबे निपजले. जवळच जयवंत दळव्यांची आरवली, जिथे वेतोबाला भल्यामोठ्या चपला वाहतात. मराठीच्या मास्तराला एवढे पुरेसे होते, सौ.ला नव्हते. तिने दवाखाना किती दूर, रात्री रिक्षा मिळते का, शेजारच्या घरात दिवा लागतो का, एवढेच विचारले. तीन घरांत तो लागत नव्हता. धनी मुंबईला, कुलपे मात्र तेल घातलेली!

शेतजमीन घ्यायची तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो, म्हणून आम्ही गावठाणातच पाहत होतो. चौथे घर समुद्रापासून चांगले दोन किलोमीटर आत. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे खळे, शेजारी तीन पिढ्यांचे नांदते बिऱ्हाड. समुद्र दिसत नाही. पावसाळ्यात रात्री त्याची गाज येते म्हणतात. मी थोडा हिरमुसलो. सासूबाई विहिरीचे पाणी प्यायल्या, पुन्हा प्यायल्या आणि पायरीवर बसल्या त्या उठेचनात. त्यांच्या तोंडावर इतके समाधान मी नेरूळमध्ये एकदाही पाहिले नव्हते.

कागदांवर मात्र सतरा नावे. सोळांच्या सह्या भाद्रपदापर्यंत जमल्या, कुठून कुठून! सतरावे गृहस्थ आमच्या ऐरोलीत निघाले, नेरूळहून अर्ध्या तासावर. दसऱ्याला पेढे घेऊन गेलो. सत्तरीचे गृहस्थ, फ्लॅट सहाव्या मजल्यावर, खिडकीतून खाडीची एक चिंचोळी पट्टी दिसते. त्यांनी कागद नीट वाचले, चष्मा काढून ठेवला.

“मास्तर, विहिरीचे पाणी प्यायलात?”

“प्यायलो.”

“मग मला कशाला सही करायला सांगता? मलाही तिथेच जायचे आहे.”

वीस वर्षे ते असेच म्हणताहेत, हे त्यांच्या सुनेने जिन्यात सांगितले. सासूबाईंना मी अजून काही बोललेलो नाही. त्यांनी पितळेचा हंडा चिंचेने घासून दाराशी काढून ठेवला आहे.