अर्धा तास

आमच्या घरात पहाट कोंबड्याने होत नसे, बाळूच्या शिंकांनी होई. एकदा सुरू झाल्या की दहा-बारा. मग गळणारे नाक, लाल डोळे. "पुरे रे तुझं नाटक!" म्हणून मी कितीदा तरी त्याच्यावर खेकसले आहे. खोली एकच, आणि तिथेच माझा अभ्यास. घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्याचा थोडा ताठाही असावा.

जूनमध्ये डॉक्टरांनी त्याच्या हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून सुईने हलकेच टोचले. पंधरा-वीस मिनिटांत एका जागी फुगवटा आला. तो थेंब घरातल्या धुळीतल्या किड्याचा होता. हा किडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि राहतो कुठे, तर अंथरुणा-पांघरुणात. आजीच्या नऊवारीची, आईने हाताने शिवलेली गोधडी बाळू नाकापर्यंत ओढून झोपतो. "म्हंजे माझ्याच गोधडीनं आजारी पडलं का पोर?" आई एवढेच बोलली. आता दर आठवड्याला ती गोधडी कढत पाण्यातून निघते. पिळताना आई जरा जास्तच जोर लावते, असे मला वाटते.

औषध तर आणखी अजब. ज्याचा त्रास, त्याचाच अर्क टोचायचा! आधी अगदी थोडा, आठवड्या-आठवड्याला वाढवत, पुढे महिन्याला एक, अशी तीन वर्षे. काट्याने काटा काढायचा, असे सांगितले तेव्हा कुठे दादा तयार झाले. १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून या डॉक्टरांनी गवताच्या परागांचा अर्क असाच टोचून पाहिला. दोन वर्षांनी ते वारले. सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे चालवले.

इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसावे लागते. क्वचित एखाद्याचा श्वास कोंडतो. दादा गेले तर मजुरी बुडते, म्हणून मी जाते. दिवाळीपर्यंत गुरुवारच्या तासाला मी का नसे, हे सरांना आता कळेल. पावसात दोन खेपा चुकल्या तर मात्रा पुन्हा कमी करावी लागली. बाळू रडला. पण आता शिंका तीन-चारवर आल्या आहेत.

परवा बाकावर त्याने विचारले, "ताई, तुझं कॉलेज संपल्यावर मला कोण आणणार?"

माझे बी.ए. पुढच्या वर्षी संपेल. इंजेक्शने त्यानंतरही वर्षभर उरतात. आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी आत्ताच निघू लागली आहेत.

"घड्याळ बघ," मी म्हटले.

"अजून अकरा मिनिटं," तो म्हणाला.