लागूंचं नाव मध्ये आणू नकोस

चि. मुक्ता,



फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. बँकेचा राजीनामा देऊन मोकळी झालीस आणि आता विचारतेस, ‘आत्या, तुला काय वाटतं?’ कपाळ माझं! वर डॉक्टर श्रीराम लागूंचा दाखला. 1969 साली, 42व्या वर्षी त्यांनी प्रॅक्टिस सोडली, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याआधी पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेत केलेली हौशी नाटकं, परदेशातलं शिक्षण, आफ्रिकेत लोकांचे नाक-कान-घसे तपासण्यात गेलेली वर्षं, ती कोण मोजतो? आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या हाती ‘नटसम्राट’ आलं. तुझ्या हाती काय, तर मालिकेतल्या नायिकेच्या नणंदेची मैत्रीण.

दाखला द्यायचाच तर निळूभाऊ फुल्यांचा दे. पुण्याच्या लष्करी मेडिकल कॉलेजात माळीकाम केलेला माणूस, सेवादलाच्या कलापथकातून ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यात आला. पुढे सखाराम बाइंडर, ‘सामना’तला हिंदुराव, बायका त्यांना खरोखरच्या शिव्या घालायच्या. पण तू त्यांचा ‘सिंहासन’ सिनेमा बघ. मुख्यमंत्री बोलतो, मंत्री बोलतात, आणि निळूभाऊंचा पत्रकार दिगू नुसता ऐकत असतो. शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो ना, ते हसू त्या ऐकण्यातून साठलेलं असतं.

‘आत्याचं सुरू झालं’ म्हणशील. म्हण. वाक्य नसताना ज्याला रंगमंचावर उभं राहता येतं तो नट, बाकीचे पाठांतरवाले. परवाच्या प्रयोगात समोरची रडत होती आणि तू तिचं वाक्य संपायची वाट बघत होतीस. बोटं ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. मला तिसऱ्या रांगेतून दिसली. मालिकेत हे खपतं, कारण तेव्हा कॅमेरा दुसरीच्या तोंडावर असतो. म्हणून सांगते, मालिका खुशाल कर, पण तारखा जुळत नाहीत म्हणून नाटक सोडू नकोस. तिथे चारशे माणसं तुझी बोटं बघतात.

शिवाय नाटकात नाइटचं, म्हणजे प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट त्या रात्री हातात पडतं. मालिकेचे पैसे म्हणे 90 दिवसांनी; घराचा हप्ता थांबतो का तेवढा? पाकिटाचंही काय सांगावं म्हणा, आमच्या एका निर्मात्याने विदर्भाच्या अख्ख्या दौऱ्याचे पैसे ‘पुढच्या महिन्यात’ देतो म्हटलं होतं. तो महिना अजून उजाडतोय. पण तेव्हा घरून तुझ्या आजोबांची मनीऑर्डर यायची. तुझ्यामागे आहे कोण? मी, आणि माझे हे गुडघे.

बँकेचा विमा नोकरीबरोबरच जाईल, हे तुझ्या ध्यानातही आलं नसेल. स्वतःचा वेगळा काढ. पहिला हप्ता मी भरते, वाद घालू नकोस. एजंट शनिवारी संध्याकाळी येतोय. आधार, पॅन, फोटो घेऊन ये. आणि जेवायलाच थांब.

तुझी,
आत्या