आठ तासांचा हिशेब

शुक्रवारी संध्याकाळी आयटीतल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक वीकांत आणि दुसरी टाईमशीट. पहिलीचा आनंद दुसरी भरल्याशिवाय मिळत नाही! पण कधी विचार केलाय, हे तासांचं प्रकरण आलं कुठून?

सगळ्यात जुना आपला मस्टर. आल्यावर सही ठोकायची, दहा-वीस मिनिटं उशीर झाला की हेडक्लार्क लाल शाई घेऊन तयारच. बऱ्याच कचेऱ्यांत तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा गेली. गंमत अशी, की मस्टरला माणूस आला कधी याचीच काळजी. गेला कधी, याच्याशी त्याला बहुधा देणंघेणं नसतं.

मग आलं यंत्र. अमेरिकेतल्या ऑबर्न गावच्या विलार्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने १८८८ साली हजेरीचं घड्याळ बनवलं. प्रत्येक कामगाराला नंबराची किल्ली. ती घड्याळात फिरवली की आतल्या कागदी पट्टीवर नंबर आणि वेळ छापली जायची. पट्टी अर्थातच यंत्राच्या पोटात. पुढे १८९४ मध्ये रॉचेस्टरच्या डॅनियल कूपरने कार्डवर वेळ छापणारं घड्याळ काढलं. आता प्रत्येकाचं वेगळं कार्ड, आणि त्यावरचे आकडे कामगारालाही दिसणारे. हा धंदा करणाऱ्या कंपन्या एकत्र येत येत १९११ साली एक मोठी कंपनी झाली आणि १९२४ मध्ये तिचं नाव पडलं आयबीएम! म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या खानदानात एक पणजोबा हजेरीवाले होते म्हणायचे.

किल्ली आणि कार्ड यातला फरक मला मामामुळे कळला. मामा ठाण्याला एका कारखान्यात होता. तिथे पंचिंग कार्ड होतं, उशीर झाला की आकडा लाल उमटायचा. पण मामाचा खरा हिशेब घरी, कालनिर्णयवर. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी पेन्सिलने "ओटी ३", "ओटी २" असं लिहिलेलं. १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर काम झालं तर दुप्पट दर होता, त्यामुळे एकेक तास मोलाचा. पगारात तास कमी धरले गेले की मामा कालनिर्णयचं पान घेऊन टाईम ऑफिसात हजर. "कार्ड काढा आणि जुळवा," एवढंच म्हणायचा. बहुतेक वेळा जुळायचं.

आता बोटाचा ठसा नाहीतर चेहरा. विटा आणि सिमेंट हाताळून बोटं झिजलेल्या माणसाला मशीन ओळखतच नाही, ही एक तऱ्हा. दुसरी म्हणजे मशीन "थँक्यू" म्हणतं आणि संपलं. नोंद काय झाली हे तुमच्या हातात काहीच नाही. म्हणजे फिरून बंडीची किल्लीच की हो! १४ मे २०१९ ला युरोपियन न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं. खटला स्पेनमधल्या कामगार संघटनेचा, एका बँकेविरुद्ध. न्यायालय म्हणालं, रोजचे तास मोजण्याची विश्वासार्ह आणि पाहता येईल अशी व्यवस्था मालकाने ठेवलीच पाहिजे. नाहीतर जास्त काम केल्याचं कामगार सिद्ध तरी कसं करणार?

आणि आमची टाईमशीट? एका कंपनीत आठच्या वर आकडा टाकला की एरर यायची. जास्त तास हवेत तर आधी मॅनेजरची परवानगी, आणि ती मागायची कुणाची टाप नव्हती. एका रिलीजला आम्ही सहा जण तीन आठवडे रोज अकरा तास बसलो. कागदोपत्री ७२० तास. प्रत्यक्षात ९९०. मधले २७० तास जणू कुणी केलेच नाहीत.

ओव्हरटाईम आयटीत कोण देतो, ते सोडा. खरा फटका पुढेच बसतो. नवीन प्रोजेक्टचा अंदाज करताना कुणीतरी जुनी टाईमशीट उघडतो आणि म्हणतो, "मागच्या वेळी तीन आठवड्यांत झालं होतं की!" झालं. पुढच्या टीमचं रात्रीचं जेवण परत ऑफिसात. कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी चोरी केलेली नाही, फक्त त्या चौकटीत आठाच्या पुढे जागा नव्हती.

तेव्हापासून मी मामाची पद्धत उचलली. साधी एक्सेल शीट, चार रकाने: तारीख, आलो, गेलो, काय केलं. रोजचं मिनिटभराचं काम. तसंच काम पुन्हा आलं तेव्हा मीटिंगमध्ये ती शीट उघडून दाखवली. थोडी शांतता, थोडी कुरकुर, आणि तीनचे चार आठवडे झाले. टीममधल्या एकाची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. तो रोज साडेसहाच्या बसने घरी गेला.

असो. तुमच्याकडे मस्टर असो, कार्ड असो नाहीतर कॅमेरा, एक नोंद आपली आपल्याकडे असू द्या. कालनिर्णयवर तेवढी जागा असतेच.