विहिरीचे देणे

दिवाळीला धाकटी बहीण माहेरी यायची होती, मांडीवर तीन महिन्यांचे पोर घेऊन. आईने आठ दिवस आधीच बंब घासून लख्ख केला. आमच्याकडे सारे पाणी मळ्यातल्या विहिरीचे, पिण्याचे काय आणि अभ्यंगस्नानाचे काय. दारात नळ आला आहे खरा, पण त्याला अजून पाहुण्याचाच मान!

त्याच आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. शाळेत गणितात नेहमी काठावर असायचा. आता पुण्यात रसायनशास्त्राचे संशोधन करतो. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. त्यामुळे असा विद्यार्थी घरी आला की मला अभिमान आणि धास्ती एकदमच वाटतात. आईने पाणी पुढे केले. त्याने पिशवीतून कागदाची एक पट्टी काढून पेल्यात बुडवली. पट्टी गुलाबी झाली. दिसायला मोठी सुरेख.

"गुरुजी, लिटरला सुमारे शंभर मिलिग्रॅम नायट्रेट आहे. पिण्याच्या पाण्यात आपल्याकडे ४५ पर्यंतच चालते."

"उकळून देऊ की," आई म्हणाली.

"उकळून जात नाही, आजी. पाणी आटते आणि नायट्रेट तेवढेच राहते."

मग तो हळू आवाजात मला म्हणाला, "तान्ह्या बाळाला या पाण्यातले दूध देऊ नका." १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा प्रांतात कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यामुळे निळी पडलेली बाळे पाहिली होती. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. बहिणीचे पोर वरच्या दुधावरच होते. माझ्या घशाला कोरड पडली.

हे विहिरीत आले कुठून, ते मी विचारले नाही. पडवीत दादा बसले होते. त्यांनी चाळीस वर्षे उसाला युरिया घातला. ऊस घ्यायचा तेवढा घेतो. उरलेल्याचे मातीत नायट्रेट होते आणि पाण्याबरोबर खाली झिरपते. पण त्याच पोत्यांवर आमचे घर उभे राहिले आणि बहिणीचे लग्न झाले. कृतघ्न कसे व्हावे?

त्या युरियाचे मूळही ऐकण्यासारखे आहे. हवेतला नायट्रोजन धरून त्याचा अमोनिया करण्याची युक्ती जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली दाखवली. कार्ल बॉश यांनी तिचा कारखाना उभारला आणि १९१३ साली ओपाऊला तो सुरू झाला. त्याला चारशे-पाचशे अंशांची उष्णता लागते आणि हवेच्या दीडशेपटीहून अधिक दाब लागतो. एवढा खटाटोप करून आभाळातून उतरवलेले धन आपण विहिरीत सोडून देतो!

माझा विद्यार्थी नेमके तेच परत मिळवण्याच्या खटपटीत आहे. नायट्रेटच्या पाण्यात दोन पट्ट्या सोडून वीज खेळवायची. नायट्रेटच्या एका कणाने आठ इलेक्ट्रॉन घेतले की त्याचे प्राणवायू सुटतात, हायड्रोजन जडतात आणि अमोनिया तयार होतो. पण हे लग्न सहजासहजी जमत नाही. कधी वीज नुसता हायड्रोजन उधळण्यात खर्ची पडते, तर कधी गाडी नायट्राइटवरच अडते, आणि ते तर अधिक वाईट. म्हणून चांगला मध्यस्थ हवा: दोन्ही पक्ष जुळवून आणणारा आणि स्वतः जसाच्या तसा राहणारा. त्यालाच हे लोक उत्प्रेरक म्हणतात. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली केसाहून कितीतरी बारीक अशा तांब्याच्या तारांवर रुथेनियमचे अणू विखरून असा मध्यस्थ तयार केला. लिटरला दोन हजार मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाणी त्याने पन्नासाच्या खाली आणले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक वीज कामी लावली.

"मग आमच्या विहिरीवर केव्हा बसवतोस?" मी विचारले.

तो हसला. "अजून प्रयोगशाळेतच आहे, गुरुजी. कारखान्याच्या दाट सांडपाण्याला ते आधी उपयोगी पडेल. तुमच्या विहिरीत नायट्रेट विरळ आहे. शिवाय रुथेनियम महाग, आणि झालेला अमोनिया पाण्यातून वेगळा काढायचा म्हणजे आणखी खर्च."

तो गेला. दादांना कसे सांगावे, हे मला सुचेना. पण पडवीतून त्यांनी सगळे ऐकले होते. रात्री कंदील लावता लावता ते एवढेच म्हणाले, "म्हणजे माझे खत विहिरीत आहे?"

"आहे, दादा."

"मग ते पाणी उसाला दिले तर?"

मी पाटी घेऊन बसलो. एका एकराला चार इंच पाणी, म्हणजे सुमारे चार लाख लिटर. हिशेब केला तर त्या एका पाण्यात वीस किलो युरियाइतका नायट्रोजन निघाला! मी दोनदा ताळा करून पाहिला. पुण्याला फोन करून विद्यार्थ्याला विचारले. काठावरच्या त्या मुलाने मास्तरांचे गणित बरोबर दिले.

दुसऱ्या दिवशी नळाच्या पाण्यात पट्टी बुडवली. ती पांढरीच राहिली. बाळाच्या दुधाचे पाणी तेव्हापासून दादा स्वतः नळावरून भरून आणू लागले. बंब मात्र विहिरीच्याच पाण्याने तापला. अंघोळीला त्याची बाधा नाही.

पाडव्याला दादांनी हिशेबाची नवी वही काढली, हळदकुंकू वाहिले आणि पहिल्या पानावर आपल्या वळणदार अक्षरांत लिहिले: 'विहीर. जमा, दर पाण्याला वीस किलो. यंदा युरिया तेवढा कमी आणणे.'