लोणारचा मुक्काम

गेल्या पौषात नातवासह वाशीमहून रिसोडमार्गे लोणारास जाणे घडले. 'आजोबा, विवरात तंबू ठोकून राहू,' असा बाळाचा हट्ट होता. परंतु सरोवर व भोवतालचे रान २००० सालापासून अभयारण्य आहे. रात्री ते वन्य प्राण्यांचेच घर. तेव्हा वरती पर्यटन महामंडळाच्या निवासात खोली घेतली. मुलाबाळांसह जाणाऱ्या वाचकांसही मी हेच सुचवीन की, रात्र वर काढावी व सकाळी खाली उतरावे.

रात्री ओसरीवर बसलो असता नातवाने विचारले, "हा ज्वालामुखीच ना?" मी क्षणभर निरुत्तर झालो. पाषाण ज्वालामुखीचा खरा. पण सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा उल्कापाताने पडला, हे खडकांतील आघाताच्या खुणांवरून १९७३ साली विद्वानांनी दाखवून दिले. मी मात्र जुन्या पुस्तकांच्या भरवशावर वर्गात ज्वालामुखीच सांगत आलो. एकदा या नातवाच्याच पित्याने वर्गात शंका काढली, तेव्हा त्यास मी बाकावर उभे केले होते.

हे सारे नातवास सांगितले. तो म्हणाला, "मग बाबांना सांगा ना!"

दुसऱ्या दिवशी गोमुखाच्या धारेचे दर्शन घेऊन घरी परतलो. सायंकाळी सर्वांदेखत चिरंजिवांस म्हणालो, "त्या दिवशी तुझेच खरे होते." तो नुसता हसला. शिक्षा चारचौघांत झाली होती. कबुलीही चारचौघांतच व्हावयास हवी होती.