पाठमोरी माणसं

यान व्हान गोयेन या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या रेखाटनांची नक्कल करायला बसलं की आधी क्षितिजरेषा पार खाली ओढून घ्यावी लागते. वरचा बहुतेक कागद आकाशाचा, आणि तोही बराचसा कोराच. हॉलंड सपाट; डोंगर नाही, कडा नाही. नजर अडते ती चर्चच्या मनोऱ्यावर, पवनचक्कीवर, नाहीतर माणसांवर. आउटडोअर स्केचिंगला गेलेले विद्यार्थी निसर्गचित्र पुरं झालं की शेवटी दोन-चार माणसं ‘घालतात’. व्हान गोयेनची नखाएवढी माणसं काढून टाका, चित्रच खाली बसेल.

ही माणसं कामात असतात. कुणी नाव रेटतोय, कुणी जाळं ओढतोय, कुणी घोडागाडीतून बाजाराला निघालंय. पुष्कळ जण पाठमोरे. चेहरा असलाच तर एक ठिपका. काळ्या खडूचे मोजके फटकारे, की झाली टोपी, पाठ, पाय. पण पाठीचा बाक इतका नेमका, की ओझ्याचा अंदाज यावा. माझा हात अडतो तो इथे. त्याची झाडांची थरथरती, तुटक रेषा सरावाने जमते. वाकलेली पाठ जमत नाही, कारण अंगाचा भार कुठल्या पायावर आहे हे खडू टेकवण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. करडा वॉश फिरला, की मग दुरुस्ती नाही.

रेम्ब्रांटही ॲमस्टरडॅमबाहेर आम्स्टेल नदीकाठी हिंडून शेतकऱ्यांची घरं काढायचा. त्याच्या बोरूपुढे व्हान गोयेनचा खडू साधाच वाटतो. पण रेम्ब्रांटच्या गावात माणूस शोधावा लागतो. गावची वर्दळ पाहायची असली की मी व्हान गोयेनकडेच जातो.

अर्थात, हे खेडं शहरी गिऱ्हाइकासाठी मांडलेलं होतं. 1609 मध्ये स्पेनशी बारा वर्षांचा युद्धविराम झाला, वेशीबाहेर निर्धास्त हिंडता येऊ लागलं, आणि थोड्याच वर्षांत क्लास यान्स व्हिसरने हार्लेमभोवतालच्या रम्य जागांची एचिंगची मालिकाच काढली. व्हान गोयेननेही बाहेर वहीत टिपून आणलेलं वापरून, सही आणि साल घालून, विक्रीसाठी रेखाटनं केली. 1653 सालची तर ढीगभर आहेत. त्यांत मोडकं छप्पर भेटतं, उपासमार भेटत नाही. चित्रकार स्वतः मात्र ट्यूलिपच्या सट्ट्यात 1637 साली पोळला होता, आणि 1656 मध्ये हेगला वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर कर्ज होतं.